आधी गच्ची, मग छत

छताला पडलेले भोक बुजवणे हे वरवर पाहता लहानसे काम आहे. पण ते नीट करायचे, तर थोडे विज्ञान, थोडे गणित आणि पुष्कळ सावधगिरी लागते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील घरांची उदाहरणे घेऊन या पाठात त्या कामाची माहिती दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ज्या खोलीत बसला आहात, तिच्या छताकडे एकदा मान वर करून पाहा. त्याला कुठे तडा गेला आहे का? कुठे पिवळसर डाग दिसतो का? एखादे भोक आहे का? जमिनीकडे आणि भिंतींकडे आपले लक्ष रोज जाते. छताकडे मात्र ते गळू लागल्यावरच जाते.

छते सगळीकडे सारखी नसतात. जसा पाऊस, तसे छत. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. तेथे जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एकाच जिल्ह्यात दहापटीचा फरक! म्हणून महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या भागांत उतरत्या छपरांची कौलारू घरे बांधली गेली. पाणी कौलांवरून झरझर खाली उतरते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागांत मात्र सपाट माळवदाची घरे दिसत. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या काठ्या किंवा फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवद असे. उन्हाळ्यात त्याखाली गारवा राहत असे.

जुन्या काळी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरोघरी एक काम ठरलेले असे. कौलारू घराचा मालक कौले काढून पाहत असे, फुटलेली बदलत असे आणि पुन्हा नीट बसवत असे. याला 'घर शाकारणे' म्हणतात. माळवदाच्या घरावर मातीचा नवा थर देऊन तो चोपून घट्ट करीत. या दोन्ही कामांत एक शहाणपण होते. दुरुस्ती वरून होत असे आणि ती पावसाच्या आधी होत असे. हे शहाणपण लक्षात ठेवा. आपल्याला पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता शहरांत आणि मोठ्या गावांत सिमेंट-काँक्रीटचे स्लॅब आले आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील अनेक घरांत स्लॅबच्या खाली आणखी एक पातळ छत बसवतात. त्याला 'फॉल्स सीलिंग' म्हणतात. ते बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसचे किंवा जिप्सम बोर्डाचे असते. खोली सुंदर दिसावी, विजेच्या तारा झाकल्या जाव्यात आणि उष्णता कमी लागावी, म्हणून ते बसवतात. शिवाय हे छत हलके असते. एक फूट जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोहून अधिक भरते. अर्धा इंच जाडीच्या जिप्सम बोर्डाचे वजन तेवढ्याच जागेत आठ-नऊ किलो असते. डोक्यावर किती वजन आहे, हा प्रश्न आपल्या भागात साधा नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीची असंख्य घरे कोसळली आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली.

हलक्या छताचा एक दोषही आहे. ते लवकर दुखावते. शिडीचे टोक लागले, दिव्याची जागा बदलली किंवा वरून पाणी झिरपले, की त्याला भोक पडते. हे भोक कसे बुजवायचे, ते आता पाहू.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. 'दुरुस्ती' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत 'दुरुस्त' म्हणजे ठीक, योग्य. उर्दूत घराची 'मरम्मत' करतात, मराठीत 'दुरुस्ती' करतात. 'रंग', 'इमारत', 'दरवाजा', 'कारागीर' हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. भिंतीला लावतात तो 'गिलावा' फारसीतून मराठीत आला. सर्वांत गमतीचा शब्द आहे 'गच्ची'. फारसीत 'गच' म्हणजे जिप्समचा किंवा चुन्याचा लेप. गच करून पक्की केलेली घरावरची सपाट जागा, ती गच्ची. म्हणजे आपण ज्या जिप्समविषयी बोलणार आहोत, त्याची आठवण 'गच्ची' या शब्दातच दडलेली आहे. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. रंगारी 'लांबी भरतो' असे म्हणतात, तेव्हा त्याचा लांब-रुंद असण्याशी संबंध नसतो. खड्डे भरण्यासाठी जो मऊ लगदा वापरतात, त्यालाच 'लांबी' किंवा 'पुट्टी' म्हणतात.

जिप्सम हे एक मऊ खनिज आहे. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. त्याचे शास्त्रीय नाव आहे कॅल्शियम सल्फेट. विशेष म्हणजे ते कोरडे दिसत असले, तरी त्याच्या कणांत पाणी बांधलेले असते. शंभर ग्रॅम जिप्सममध्ये सुमारे एकवीस ग्रॅम पाणी असते. जिप्सम सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. हीच प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिस शहरातील मॉन्मार्त्र टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव पडले. या भुकटीत पाणी घातले, की ती गेलेले पाणी परत घेते आणि काही मिनिटांत पुन्हा दगडासारखी घट्ट होते. घट्ट होताना ती गरम होते.

अशा घट्ट जिप्समच्या दोन्ही बाजूंना जाड कागद चिकटवला, की जिप्सम बोर्ड तयार होतो. अशा प्रकारच्या तक्त्याचे पेटंट अमेरिकेत १८९४ साली ऑगस्टिन सॅकेट यांनी घेतले. नुसते जिप्सम वाकवले तर तुटते. कागदामुळे त्याला बळ येते. आग लागली, तर जिप्सममधील पाण्याची वाफ होते आणि आग पसरायला वेळ लागतो. मात्र बाहेरचे पाणी हा या बोर्डाचा शत्रू आहे. कागद भिजतो, जिप्सम मऊ पडते आणि बोर्ड स्वतःच्याच वजनाने खाली झुकू लागतो.

म्हणून छताला भोक दिसताच लांबीचा डबा उघडू नका. आधी एक प्रश्न विचारा: हे भोक का पडले? दिवा काढल्यामुळे किंवा काही आदळल्यामुळे पडले असेल, तर काळजीचे कारण नाही. पण भोकाभोवती तपकिरी किंवा पिवळी कडा असेल, बोर्ड हाताला मऊ लागत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर तेथे पाणी पोहोचले आहे. अशा वेळी भोक हा रोग नसतो. ते रोगाचे लक्षण असते. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर नुसती पट्टी ठेवली, तर आजार जात नाही. तसेच छताचेही आहे.

पाणी कोठून येते, ते शोधण्याची एक सोपी रीत आहे. ते फक्त पाऊस पडल्यावर गळते का? मग दोष बहुधा गच्चीत आहे. ते बारा महिने गळते का? मग वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, नळ किंवा पाण्याची टाकी तपासा. गच्चीवर मोठ्या माणसांबरोबर जाऊन पाहा. पाणी जाण्याची वाट पालापाचोळ्याने बंद झाली आहे का? कोब्याला तडे गेले आहेत का? कोठे पाणी साचून राहते का? एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी नेहमी सरळ खाली येत नाही. ते स्लॅबमधून आणि फॉल्स सीलिंगच्या लोखंडी सांगाड्यावरून वाहत जाते आणि भलतीकडेच टपकते. म्हणून भोकाच्या बरोबर वर दोष सापडला नाही, तर आजूबाजूलाही शोधा.

भोक बुजवण्याआधी त्यातून विजेरीने वर पाहावे. ते जणू बंद खोलीची उघडी खिडकी असते. वरचा स्लॅब ओला आहे का? त्याला पांढरा लोणा लागला आहे का? काँक्रीटची खपली पडून आतील गंजलेली सळी दिसते का? लोखंड गंजले, की ते फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला फोडून बाहेर ढकलते. गंजलेली सळी दिसली, तर काम तेथेच थांबवा आणि अभियंत्याला किंवा जाणत्या मिस्त्रीला बोलवा. सुंदर छताने अशी सळी झाकून टाकणे म्हणजे धोका आपल्याच डोक्यावर टांगून ठेवणे होय. स्लॅबचा तुकडा पातळ बोर्डाने अडत नाही.

गळती थांबली, वरची बाजू पूर्ण वाळली, की मगच खालचे काम हाती घ्यावे. आपल्याकडे त्यासाठी पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले. अनेक घरांत दिवाळीपूर्वी किंवा ईदपूर्वी रंगकाम काढतात. त्याच वेळी ही दुरुस्तीही होऊन जाते.

आता सुरक्षिततेचे नियम. हे काम मोठ्या माणसांनी करायचे आहे. तुम्ही मदतीला उभे राहा. पहिला नियम, विजेचे मुख्य बटण बंद करा. फॉल्स सीलिंगच्या वर तारा असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरा नियम, डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर मास्क किंवा रुमाल बांधा. मान वर करून काम करताना धूळ सरळ डोळ्यांत पडते. तिसरा नियम, खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. रंगाऱ्याचा घोडा किंवा मजबूत शिडी वापरा आणि ती एकाने धरून ठेवावी. चौथा नियम, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना भोक पाडू नका, ते कापू नका किंवा घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते धुळीबरोबर फुप्फुसात गेले, तर अनेक वर्षांनंतरही गंभीर आजार होतात.

भोकाच्या आकाराप्रमाणे दुरुस्तीची रीत बदलते. खिळ्याचे किंवा स्क्रूचे लहान भोक असेल, तर काम अगदी सोपे. भोकाच्या कडेचा सुटलेला रंग आणि फाटका कागद काढा. जिप्सम बोर्डासाठी मिळणारे जॉइंटिंग कंपाउंड पातळ पत्तीने भोकात दाबून भरा. ते वाळताना थोडे आकसते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा.

भोक तळहाताएवढे असेल, तर नुसता लगदा त्यात टिकणार नाही. त्याला आधार हवा. समजा, एका घरात दिवा हलवल्यामुळे पाच इंच रुंदीचे वेडेवाकडे भोक पडले आहे. प्रथम त्याभोवती पेन्सिलीने सहा इंच लांब व सहा इंच रुंद असा चौकोन आखावा आणि लहान करवतीने तेवढा भाग कापून काढावा. वेड्यावाकड्या भोकाला ठिगळ बसत नाही, चौकोनाला नीट बसते. मग सुमारे एक इंच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येक पट्टी बारा इंच लांब असावी, म्हणजे भोकाच्या दोन्ही बाजूंना ती तीन-तीन इंच पुढे जाते. पट्टी तिरपी करून भोकातून आत घालावी, जुन्या बोर्डाच्या पाठीशी घट्ट धरावी आणि खालून सव्वा इंची स्क्रूने आवळावी. सव्वा इंचच का? बोर्डाची जाडी अर्धा इंच. म्हणजे स्क्रूचा पाऊण इंच भाग लाकडात जातो आणि पकड चांगली बसते.

आता नव्या बोर्डाचा तुकडा कापायचा. कारागीर मापासाठी 'सूत' हा शब्द वापरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुकड्याच्या प्रत्येक बाजूला एक सूत फट ठेवली, तर सहा इंचांच्या चौकोनासाठी तुकडा पावणेसहा इंचांचा हवा. तो लाकडी पट्ट्यांवर स्क्रूने बसवावा. स्क्रूचे डोके कागदात किंचित आत जावे, पण कागद फाटू नये. बोर्डाचे खरे बळ कागदातच असते, हे तुम्ही वर वाचले आहे.

तुकडा बसला, तरी त्याच्या चारही कडांची फट दिसते. तीत कंपाउंड भरावे. त्यावर जोडपट्टी लावावी. ही कागदाची किंवा जाळीची पट्टी असते. ती लावली नाही, तर काही महिन्यांत नेमक्या त्याच रेषेवर तडा जातो. पट्टीवर कंपाउंडचा पहिला पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा. दुसरा हात पहिल्यापेक्षा रुंद, तिसरा दुसऱ्यापेक्षा रुंद. अशा रीतीने उंचवटा हळूहळू विरत जातो आणि डोळ्यांना जाणवत नाही. तिन्ही हात एकदम देण्याची घाई करू नये. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग त्याला भेगा पडतात. दमट हवेत प्रत्येक हात वाळायला पूर्ण दिवसही लागतो. कारागिराचे निम्मे कसब हाताला थांबवण्यात असते.

शेवटी घासून पृष्ठभाग सारखा करावा. तो सारखा झाला की नाही, हे कसे ओळखाल? विजेरी छताला जवळजवळ टेकवून आडवी धरा. आडव्या उजेडात लहानसा उंचवटाही सावली टाकतो. मग प्रायमरचा एक हात द्यावा. कोरडे कंपाउंड रंग पिऊन टाकते, म्हणून प्रायमर हवाच. पाण्याचा जुना डाग असेल, तर तेलाचा प्रायमर लावावा, नाही तर डाग नव्या रंगातून पुन्हा वर येतो. नुसत्या ठिगळाला रंग देऊ नये, संपूर्ण छताला द्यावा. जुना रंग मळलेला असतो आणि त्यामुळे नवे ठिगळ दुरूनही उठून दिसते.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताची रीत थोडी वेगळी आहे. त्यात आधारासाठी तारेची जाळी किंवा काथ्या असतो. तो शाबूत असेल, तर भोकाच्या कडा पाण्याने ओल्या कराव्यात आणि ताजे मिश्रण भरावे. मिश्रण करताना पाण्यात भुकटी हळूहळू टाकावी. भुकटीवर पाणी ओतले, तर गाठी होतात. ते काही मिनिटांतच घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. गंमत म्हणून त्यात हात बुडवून ठेवू नका. घट्ट होताना ते इतके तापते, की त्वचा भाजते.

भोक याहून मोठे असेल किंवा बोर्ड झुकला असेल, तर ते घरगुती काम नव्हे. तेथे कारागीरच हवा. छत पाण्याने भरून फुग्यासारखे लोंबू लागले असेल, तर त्याखाली उभे राहू नका. खोलीतून सर्वांना बाहेर काढा, वीज बंद करा आणि लगेच घरातील मोठ्या माणसांना सांगा.

सांगलीकरांना पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ आणि २०२१ सालीही शहराने महापूर पाहिला. अशा पुरात अनेक घरांचे तळमजले पाण्याखाली जातात. पुराच्या पाण्यात बुडालेला जिप्सम बोर्ड वाळला, तरी पुन्हा वापरू नये. त्याच्या कागदात गाळ आणि घाण मुरलेली असते. त्यावर बुरशी वाढते आणि बोर्डाचे बळ गेलेले असते. तेथे ठिगळ नको, नवा बोर्ड हवा. तोही भिंती आणि स्लॅब पूर्ण वाळल्यावरच बसवावा. घर लवकर पूर्वीसारखे दिसावे असे कोणाला वाटत नाही? पण ओल्या घरावर नवे छत चढवले, तर पुढच्या पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही.

मित्रांनो, कोणी म्हणेल, "हे तर मिस्त्रीचे काम. विद्यार्थ्यांनी हे का शिकावे?" याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि आपली कामे आपल्या हातांनी करीत. हाताने काम केल्याने शिक्षण कमी होत नाही, ते पक्के होते, असे कर्मवीर मानत. तुम्ही स्वतः छतावर तुकडा बसवला नाही, तरी चालेल. पण काम कसे होते हे ठाऊक असेल, तर कारागिराला योग्य प्रश्न विचारता येतात, त्याच्या मेहनतीची किंमत कळते आणि कोणी नुसता वरवरचा रंग लावून जाऊ लागला, तर त्याला थांबवता येते.

भोक बुजवायला फार तर तीन-चार दिवस लागतात. ते का पडले, हे शोधायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो वेळ वाया जात नाही. आपल्या आजी-आजोबांनी, दादा-नानांनी घरे शाकारली, ती ढग दिसण्यापूर्वी आणि वरच्या बाजूने. स्लॅबच्या घरातही नियम तोच आहे: आधी गच्ची, मग छत.

शब्दार्थ

शाकारणे – पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करणे
माळवद – मातीचे सपाट छप्पर
तुळई – छताचा भार घेणारे जाड, आडवे लाकूड
कोबा – पाणी झिरपू नये म्हणून गच्चीवर केलेला पक्का थर
लोणा – ओलीमुळे भिंतीवर किंवा स्लॅबवर येणारा पांढरा क्षार
खपली – सुटून पडणारा वरचा थर
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातातला दिवा, टॉर्च
घोडा – रंगारी वापरतात ती दोन्ही बाजूंना पाय असलेली शिडी
ठिगळ – फाटलेल्या किंवा तुटलेल्या जागी लावलेला तुकडा
काथ्या – नारळाच्या सोडणाचे तंतू
कसब – कौशल्य

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माण तालुक्यात सपाट छपरांची घरे का बांधली गेली?
(आ) प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव कशावरून पडले?
(इ) एक सूत म्हणजे किती?
(ई) जिप्सम बोर्डाला बळ कशामुळे येते?

२. कारणे लिहा.
(अ) भोकाभोवती तपकिरी कडा दिसल्यास लगेच लांबी भरू नये.
(आ) कंपाउंडचे तिन्ही हात एकदम देऊ नयेत.
(इ) पुरात बुडालेला जिप्सम बोर्ड पुन्हा वापरू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाणी कोठून गळते, हे कसे ओळखावे?
(आ) छताचे काम करताना कोणती काळजी घ्यावी?
(इ) 'भोक हा रोग नसतो. ते रोगाचे लक्षण असते.' हे विधान स्पष्ट करा.

४. गणित करा.
आठ इंच लांब व आठ इंच रुंद असा चौकोन कापला आहे. प्रत्येक बाजूला एक सूत फट ठेवायची आहे. नवा तुकडा किती इंचांचा कापाल? आधाराची पट्टी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच पुढे जायची असेल, तर ती किती लांब हवी?

५. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, त्यांची यादी करा. त्यांपैकी कोणत्याही पाच शब्दांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम
तुमच्या परिसरातील एखाद्या मिस्त्रीला किंवा रंगाऱ्याला भेटा. त्यांच्या हत्यारांची मराठी व उर्दू नावे विचारून वहीत लिहा.